फोन टेबलावर ठेवा, मग बोलू

या महिन्याच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच प्रश्नाची आहेत : ‘ताई, हा घेऊ की तो?’ साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे माझं आठ बाय दहाचं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथेही रोज पाच-सहा जण हेच विचारतात. पण ते समोर उभे असतात, त्यामुळे त्यांच्या हातातला जुना फोन मला बघता येतो आणि निम्मं उत्तर तिथेच मिळतं. कडा घासलेल्या असतील तर माणूस गाडीवर फिरणारा, चार्जिंगच्या भोकात पीठ असेल तर फोन स्वयंपाकघरात राहणारा. पत्रात हे दिसत नाही. म्हणून लिहिताना सध्याचा फोन किती वर्षांचा आहे आणि त्याचं काय बिघडलंय, तेवढं लिहीत चला.

उत्तरांआधी माझी एक चूक. गेल्या अंकात मी लिहिलं होतं की २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी उतरल्याने फोन स्वस्त झाले. वसईच्या एका वाचकाने बिल जोडून दाखवलं : १८ टक्के. त्यांचंच बरोबर. त्या दिवशी २८ वरून १८ टक्क्यांवर आले ते मोठे टीव्ही आणि एसी. फोनवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्केच आहे, त्याआधी १२ होता. टीव्हीची बातमी वाचून मी फोनचं लिहून बसले.

प्रश्न : *माझ्याकडे सतरा-अठरा हजार रुपये आहेत. दोन फोन निवडलेत, नावं सोबत लिहिली आहेत. तुलनेच्या तक्त्यात पहिला सगळ्याच ओळींत पुढे : १०८ मेगापिक्सेल, ‘८+८’ जीबी रॅम, ६,००० एमएएच बॅटरी. दुसऱ्यात ५० मेगापिक्सेल, नुसती ८ जीबी, ५,००० एमएएच, आणि वर किंमत पाचशेने जास्त. दुकानदारही पहिलाच घ्या म्हणतो. मग दुसरा घेणारे वेडे आहेत का?* — एक शिक्षक, सांगोला

वेडे नाहीत, सर. मॉडेलांची नावं मी छापत नाही, कारण अंक तुमच्या हातात पडेपर्यंत त्यातलं एखादं दुकानातून गेलेलं असतं. पण तक्ता कसा वाचायचा ते सांगते.

‘८+८’ मधले मागचे आठ उसने आहेत. स्वयंपाकघरात ओटा असतो आणि वर माळा असतो. रॅम म्हणजे ओटा : हाताशी लागणारं सगळं तिथे. स्टोरेज म्हणजे माळा. ओट्यावर गर्दी झाली की फोन काही डबे माळ्यावर सरकवतो आणि लागले की स्टूल घेऊन खाली काढतो. या माळ्याच्या जागेला कंपनी ‘वाढीव रॅम’ म्हणते आणि खोक्यावर बेरीज करून छापते. ओटा तेवढाच राहतो.

खरी चौकशी करायची ती स्टूल कसं आहे याची. तुमच्या पहिल्या फोनचं स्टोरेज ईएमएमसी ५.१ आहे, दुसऱ्याचं यूएफएस २.२. पहिल्याचा वाचनाचा वेग सेकंदाला अडीचशे-तीनशे एमबी, दुसऱ्याचा हजाराच्या आसपास. नव्या फोनवर हा फरक जाणवत नाही. दीड वर्षाने शाळेच्या ग्रुपवरचे ‘सुप्रभात’ साठून स्टोरेज नव्वद टक्के भरलं, की पहिला फोन गॅलरी उघडताना अडकतो. माझ्याकडे ‘हँग होतोय, फॉरमॅट मारा’ म्हणून येणाऱ्या फोनांत या जातीचे फार असतात. फॉरमॅटचे अडीचशे रुपये मी घेते, पण सहा महिन्यांनी तोच माणूस परत दारात.

१०८ मेगापिक्सेलचं असं की तो कॅमेरा नऊ-नऊ ठिपके एकत्र करून एक बनवतो आणि तुम्हाला १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो. ५० वाला चार-चार एकत्र करतो, फोटो साडेबाराचा. म्हणजे हातात पडायचं ते जवळजवळ सारखंच. पहिल्याच्या पाठीवर आणखी दोन भिंगं दिसतात ती २-२ मेगापिक्सेलची आहेत. त्यांना मी कुंकवाचे धनी म्हणते, घरात आहेत एवढंच. दुसऱ्या फोनच्या माहितीत बारीक अक्षरांत ‘ओआयएस’ लिहिलंय. हात हलला तरी भिंग सावरून घेणारी ती सोय आहे. संध्याकाळी पाचला, ढगाळ उजेडात, वर्गातल्या फळ्याचा फोटो काढाल तेव्हा तुम्हाला ती ५८ मेगापिक्सेलच्या फरकापेक्षा जास्त कामाला येईल.

बॅटरीत पहिला खरंच पुढे आहे, ते नाकारत नाही. दिवसभर व्हिडिओ बघणाऱ्याला मी तोच देईन.

आता तक्त्यात सगळ्यात खाली असलेली, कुणी न वाचलेली ओळ : अपडेट. पहिल्याला अँड्रॉइडची दोन वर्षं, दुसऱ्याला सहा. शिवाय ही वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. आठ महिने जुनं मॉडेल स्वस्तात घेतलं तर आठ महिने आधीच वजा. पिक्सेल ८ ने २०२३ मध्ये आणि गॅलेक्सी एस२४ ने २०२४ मध्ये सात-सात वर्षांचं वचन दिलं, तेव्हा लोक म्हणाले की महागड्या फोनांचे चोचले. त्याच वर्षी ऑक्टोबरात गॅलेक्सी ए१६ आला, एकोणीस हजारांच्या घरातला, सहा वर्षांच्या अपडेटसह. आता तुमच्या पैशांत हे मागता येतं. माझ्या गिऱ्हाइकांना अपडेटची आठवण बँकेचं ॲप ‘या फोनवर चालणार नाही’ म्हणतं त्या दिवशी होते.

आणि एक काम, जे कुठल्याच तक्त्यात नसतं. फोन घेण्याआधी जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे जा आणि विचारा, ‘या मॉडेलचा फोल्डर केवढ्याला?’ आम्ही पडदा आणि टच मिळून जो जोड येतो त्याला फोल्डर म्हणतो. तुमच्या दोन्ही फोनांचा पडदा ॲमोलेड आहे, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. अशा फोनचा ओरिजनल फोल्डर पाच-सहा हजारांना, आणि कॉपी दीड-दोन हजारांत. कॉपी बहुतेक वेळा साध्या एलसीडीची असते. ती लावली की पडद्याखालचं बोटाचं कुलूप चालत नाही, कारण ते बोटावर पडद्याचाच उजेड टाकून बघतं आणि तो उजेड एलसीडीतून नीट येत-जात नाही. गिऱ्हाईक म्हणतं, ‘ताई, तुम्ही काहीतरी बिघडवलंत.’ आता मी आधीच कागदावर लिहून सही घेते.

दुसरा घ्या, सर. जास्तीच्या बॅटरीपेक्षा तुम्हाला अपडेटची जास्तीची चार वर्षं स्वस्त पडतील.

प्रश्न : *ताई, एका फोनचा अंतुतू स्कोअर ८ लाख आहे आणि दुसऱ्याचा साडेदहा लाख. किंमत सेम. साडेदहावाला घेतला तर गेमिंगला बेस्ट ना?* — अकरावीचा विद्यार्थी, लातूर

पहिल्या दहा मिनिटांत बेस्ट. अंतुतू हे फोनच्या वेगाची परीक्षा घेणारं ॲप, पण अकराव्या मिनिटाचं त्याचा आकडा सांगत नाही. फोन तापला की चिप स्वतःच वेग कमी करते, नाहीतर जळेल. म्हणून मित्राकडे तो फोन असेल तर तुझा गेम सलग अर्धा तास खेळून बघ आणि मग मागून हात लाव.

दुसरं असं की फोनला परीक्षा ओळखता येते. गीकबेंच नावाची अशीच एक चाचणी आहे. तिने जुलै २०२१ मध्ये वनप्लस ९ आणि मार्च २०२२ मध्ये सॅमसंगच्या एस१० ते एस२२ या मालिका आपल्या यादीतून काढल्या होत्या. रोजच्या ॲपना आणि गेमना वेग आखडून मिळायचा, चाचणीच्या ॲपला मात्र पुरा. सॅमसंगने नंतर अपडेट देऊन तो लगाम वापरणाऱ्याच्या हाती दिला. तूही तपासणी आली की वही पूर्ण करतोस ना, तसंच ते. अडीच लाखांच्या फरकासाठी आईशी भांडू नकोस.

प्रश्न : *फोन आयपी ६८ आहे, पाण्याला दाद देत नाही असे विकताना सांगितले. होडीतून उतरताना खिशातून समुद्रात पडला. दोन मिनिटांत काढला, पुसला, चालू होता. घरी येऊन चार्जिंगला लावला आणि मेला. तांदळात तीन दिवस ठेवला. सर्व्हिस सेंटरवाले वॉरंटी नाही म्हणतात. ही फसवणूक नाही का?* — एक बागायतदार, देवगड

काका, तुमचा राग रास्त आहे, पण वॉरंटीच्या कागदावर तुम्ही हरणार. आयपी ६८ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ८ म्हणजे एक मीटरपेक्षा खोल पाण्यात, कंपनी सांगेल तितक्या खोलीवर आणि तितका वेळ टिकतो. बहुतेक कंपन्या दीड मीटर आणि तीस मिनिटं सांगतात. ६७ असेल तर एक मीटर, तीस मिनिटं. हल्ली ६९ पण दिसतो, तो गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचा आहे. पण यातली प्रत्येक परीक्षा गोड्या पाण्यात, नव्याकोऱ्या फोनवर, प्रयोगशाळेत होते. तुमची झाली देवगडच्या खाऱ्या पाण्यात. शिवाय वॉरंटीच्या कागदावर जवळपास सगळेच लिहितात की पाण्याने झालेलं नुकसान आमच्याकडे नाही. सिमच्या खाचेत एक बारीक पांढरा ठिपका चिकटवलेला असतो, पाणी लागलं की तो लाल होतो. तो लाल दिसला की त्यांचं बोलणं संपलं.

आता तुमच्या फोनचं काय झालं असेल. मी असे फोन दर मे महिन्यात उघडते, सुट्टीत तारकर्ली, गणपतीपुळे करून आलेले. चार्जिंगच्या भोकात भिंगातून बघितलं की पितळी दातांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं दिसतात. ती बुरशी नसते, गंज असतो. मीठ वीज वाहून नेतं, आणि फोन चालू असला की बॅटरीची वीज त्या मिठातून वाट काढते आणि वाटेतलं तांबं खात सुटते. पाण्यातून काढला तेव्हा चालू होता ना, तीच वाईट गोष्ट. चार्जरने तर आगीत तेल ओतलं. आणि तांदूळ, काका! तांदूळ थोडी ओल ओढत असेल, मीठ कसं ओढणार? उलट भोकात पीठ जातं. मला एकदा आत इंद्रायणीचा अख्खा दाणा सापडला होता.

पुढच्या वेळी (येऊ नये, पण आली तर) : फोन आधी बंद. चार्जर अजिबात नाही. आयपी ६८ असेल तर बंद केलेला फोन गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा, मीठ जाऊ दे, मग पुसा आणि त्याच दिवशी उघडणाऱ्याकडे द्या. आत्ताचा फोन देवगडात कुणी बोर्डाचं काम करणारा असेल तर त्याला दाखवा. ‘बोर्ड धुऊन बघ’ एवढं म्हणा, तो समजेल. सातशे-आठशेत फोटो तरी निघतील. फोन नेहमीसाठी वापरायची आशा मात्र धरू नका, मीठ लागलेला बोर्ड आज चालला तरी दिवाळीला बसतो.

प्रश्न : *मी मोबाइल कंपन्यांच्या बातम्या नियमित वाचतो. एके दिवशी अमुक कंपनी भारतात पहिली, दुसऱ्या दिवशी तमुक पहिली. परवा तर माझ्याच फोनची कंपनी बंद पडणार असे आले. कशावर विश्वास ठेवावा? फोन विकून टाकू का?* — सूत व्यापारी, इचलकरंजी

तुमच्या धंद्यातलंच उदाहरण घ्या. गिरणीतून गाठी निघाल्या म्हणजे कापड विकलं गेलं का? नाही ना? या बातम्यांत ‘शिपमेंट’ असा शब्द असतो, तो गिरणीतून निघालेल्या गाठींचा आहे. कंपनीने वितरकाकडे माल ढकलला की तो मोजला गेला. म्हणून जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा आकडा फुगलेला असतो, दिवाळीचा माल भरून ठेवलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो खपला नाही तर पुढच्या तिमाहीत तीच कंपनी ‘घसरली’ म्हणून बातमी.

दुसरी गोष्ट, पहिली म्हणजे कशात पहिली? २०२४ मध्ये भारतात सुमारे १५ कोटी स्मार्टफोन गेले. नगांत विवो पुढे होती. रुपयांत मोजलं तर ॲपल आणि सॅमसंग. दोन्ही बातम्या खऱ्या, मथळा मात्र दोन्हीकडे ‘नंबर वन’.

आणि मोजणाराही बघा. मला २०१४ ची शेवटची तिमाही चांगली आठवते, कारण तेव्हा माझ्या दुकानात दिवसाला दहा मायक्रोमॅक्स यायचे. कॅनालिस या संस्थेने सांगितलं की स्मार्टफोनात मायक्रोमॅक्स २२ टक्के, सॅमसंग २० टक्के. देशी कंपनीने कोरियाला मागे टाकलं म्हणून पेढे वाटायचे बाकी होते. सॅमसंगने लगेच जीएफके या दुसऱ्या संस्थेचे आकडे पुढे केले आणि आम्हीच पहिले म्हणून सांगितलं. पहिली संस्था कंपनीतून निघालेला माल मोजत होती, दुसरी दुकानातून विकलेला. त्याच सालच्या जुलैत शाओमीने १३,९९९ रुपयांना एमआय ३ आणला होता, पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, ४जी नसलेला फोन रातोरात म्हातारा झाला, आणि पेढ्यांची गोष्ट राहून गेली. माझ्याकडे एक खण आहे, त्याला पोरं ‘मेलेल्या मॉडेलांचा खण’ म्हणतात. त्यात मायक्रोमॅक्सच्या कॅनव्हास मॉडेलांचे अकरा फोल्डर अजून प्लास्टिकसकट पडून आहेत. त्या आकड्यांवर विश्वास ठेवून मी ते एकगठ्ठा घेतले होते. म्हणजे हे मी तुम्हाला पुस्तकातलं सांगत नाही.

कंपनी बंद पडणार, या बातमीला मी दोन प्रश्न विचारते. कोण म्हणतंय : कंपनीचं अधिकृत पत्रक की ‘सूत्रं’? आणि पुढे काय : सुटे भाग आणि अपडेट मिळणार का? एलजीने ५ एप्रिल २०२१ रोजी फोनचा धंदा बंद करत असल्याचं स्वतः जाहीर केलं. तरी त्यांनी काही मॉडेलांना अपडेट देणं चालू ठेवलं, आणि अपडेटचे सर्व्हर बंद झाले ते ३० जून २०२५ ला. म्हणजे बातमीपासून चार वर्षं. फोल्डर मिळणं मात्र माझ्या अनुभवात दुसऱ्याच वर्षी अवघड झालं. तेव्हा फोन चालतोय तोवर वापरा. पडदा आणि बॅटरी ठीक असतील तर विकायची घाई कशाला? अफवेच्या आठवड्यात भावही पडलेला असतो.

प्रश्न : *जानेवारीपासून फोन महाग होतायत म्हणे. दिवाळीपर्यंत थांबले तर स्वस्त मिळेल का?* — गृहिणी, नांदेड

गरज असेल तर थांबू नका. या वेळची महागाई फोनवाल्यांच्या हातातली नाही. रॅमच्या चिप बनवणाऱ्या मुख्य कंपन्या जगात तीनच : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांना एआयच्या संगणकांसाठी लागणारी महाग रॅम विकण्यात जास्त पैसा दिसतोय, त्यामुळे साध्या रॅमची २०२५ च्या उत्तरार्धापासून टंचाई आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रूशियल हा ब्रँडच आवरायचं जाहीर केलं. स्वस्त फोनात रॅमचा खर्च किमतीत मोठा भाग खातो, म्हणून बारा-पंधरा हजारांच्या फोनांना जास्त झळ बसते.

एका गोष्टीवर डोळा ठेवा. किंमत तीच, नाव तेच, पण मागच्या वर्षी ८ जीबी होती तिथे आता ६. ताई, बिस्किटाचा पुडा तेवढाच आणि आत दोन बिस्किटं कमी, तसं. जाहिरातीतला मोठा आकडा वाचू नका, खोक्याच्या खालची पट्टी वाचा.

प्रश्न : *आम्ही न्यू जर्सीला असतो. या उन्हाळ्यात येताना कोल्हापूरला आईबाबांसाठी इथून अँड्रॉइड फोन आणावा म्हणतो. तिकडे नेटवर्क चालेल ना?* — एक वाचक, एडिसन

नेटवर्क बहुधा चालेल, कटकट वेगळीच आहे. जिओला २जी-३जी नाहीच, त्यामुळे साधा कॉलसुद्धा व्होल्टीवरून, म्हणजे ४जीच्या नेटवरूनच जातो. तो फोन भारतात व्होल्टी देतो का ते आधी बघा. ४जीसाठी बँड (म्हणजे लहरींचे पट्टे) ३, ५ आणि ४० हवेत. ५जीसाठी एन७८, आणि जिओ असेल तर एन२८ सुद्धा, तो भिंतींच्या आत पोचणारा. तिकडच्या काही मॉडेलांत यातला एखादा नसतो. फोन कुठल्या कंपनीच्या नेटवर्कला बांधलेला नको, पूर्ण मोकळा हवा. पिक्सेल १० चं अमेरिकेतलं साधं आणि प्रो मॉडेल घेतलंत तर त्यात सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं. ई-सिम इथल्या कंपन्या देतात, पण बाबांना फोन बिघडल्यावर सिम काढून जुन्या डब्यात टाकायची सवय असणार. ती सोय गेली.

आणि वॉरंटी बहुतेक वेळा तिकडचीच राहते. माझ्याकडे असे फोन येतात. पडदा फुटलेला असतो, आणि मुलगी-जावयाने प्रेमाने आणलेलं मॉडेल इथे विकलंच गेलेलं नसतं. फोल्डर मागवायला मला तीन आठवडे लागतात आणि आजी रोज दुपारी फोन करून विचारतात, ‘आला का गं?’ पैसे आणा आणि फोन कोल्हापुरात घ्या. बाबांना सोबत घेऊन जा, बटणं त्यांच्या अंगठ्याला जमतात का ते तिथेच कळेल.

प्रश्न : *अपडेट घेतल्यावर पडद्यावर उभी हिरवी रेघ आली. वॉरंटी संपून चार महिने झाले. अपडेटमुळेच झाले ना?* — बँक कर्मचारी, पुणे

माझ्याही फोनला आली आहे, हे टाइप करताना ती ‘ण’च्या कान्यातून जातेय. मी कंपनीच्या केंद्रात गेले तर त्यांनी अकरा हजारांचा अंदाज हातात ठेवला. मी रेघेसकट घरी आले.

ॲमोलेड पडद्याला चित्र पोचवणारी चिप एका कागदासारख्या पातळ पट्टीवरून जोडलेली असते. तो जोड उष्णतेने चिकटवलेला असतो आणि उष्णतेनेच सुटतो. एक जोड सुटला की पडद्याची एक रांग कायमची पेटून राहते. अपडेट झाल्यावर फोन तास-दोन तास सगळी ॲप नव्याने लावत बसतो आणि भरपूर तापतो. माझा अंदाज असा की आधीच ढिला झालेला जोड त्या तापात सुटतो. म्हणजे अपडेट निमित्त, जोड कच्चा. त्यामुळे ‘फॉरमॅट मारून रेघ घालवतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

वॉरंटी संपली तरी केंद्रात जाऊन लेखी तक्रार करा. काही कंपन्यांनी भारतात याच रेघेसाठी मुदत संपलेल्या फोनांचेही पडदे फुकट बदलून दिले आहेत. तुमच्या मॉडेलसाठी अशी सवलत आहे का ते विचारा, आणि अट विचारा : पडदा फुटलेला नसावा, बाहेर उघडलेला नसावा. म्हणजे आधी तिकडे, मग माझ्यासारखीकडे. नाही म्हणाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ आहे.

प्रश्न : *जुना फोन घेतोय. बिल नाही, खोकं आहे. काय बघू?* — रिक्षाचालक, मिरज

दादा, फोनवर *#०६# दाबा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक येईल. खोक्यावरचा तोच आहे का बघा. मग इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो नंबर, आणि १४४२२ वर एसएमएस. उत्तरात काळ्या यादीत, दुहेरी किंवा आधीच वापरात असं आलं तर फोन परत हातात द्या आणि चहा पिऊन निघा.

दुसरं म्हणजे विकणाऱ्यासमोरच फोन पूर्ण रीसेट करायला लावा आणि पुन्हा चालू होईपर्यंत थांबा. जुन्या मालकाचं गुगल खातं मागितलं आणि त्याला पासवर्ड आठवेना, तर तो फोन त्याचा नाही. गुगल लॉक तोडून द्या म्हणून असे फोन घेऊन माझ्याकडे महिन्याला चार-पाच जण येतात. मी बिल मागते. बिल आणायला गेलेला अजून एकही परत आलेला नाही.